न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचे कार्य : असंकेती आर.एन.ए. आणि रोगप्रतिकाराचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संतवाङ्मयावर अथवा गोमंतकातील मराठीच्या परंपरेवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज विज्ञानातील एका कल्पनेचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, हा विषय मुळात वाचनाचा आहे. सजीवाच्या पेशीत चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला एक प्रचंड मजकूर असतो. त्यातला कोणता भाग सार्थ आणि कोणता निरर्थक, याविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वानांनी निर्णय दिले आणि पुढे ते बदलावे लागले. मजकुराच्या अर्थाचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परका नाही. दुसरे कारण याच मातीतले आहे. २०१५ साली आपल्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात माकडताप आला. पुढच्या मोसमांत तो आसपासच्या गावांत पसरला, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना त्याने गाठले आणि काहींचे प्राण घेतले. एकाच रानात, एकाच बागेत वावरलेल्यांपैकी एक जण आठवड्यात उठून कामाला लागतो आणि दुसरा उठत नाही. असे का होते, हा प्रश्न ज्या घरांवर प्रसंग आला त्यांनी विचारलाच असेल. त्याचे पूर्ण उत्तर आजही कोणापाशी नाही. परंतु उत्तर जेथे शोधावे लागेल, त्या प्रदेशाकडे जाणारी एक वाट आज दाखवता येते.

१९५७ : दोन घटना

माकडतापाचा इतिहास १९५७ पासून सुरू होतो. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि भोवतालच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणू लागली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी भीती निर्माण झाली. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. आज आपण त्यालाच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तेथील संशोधक जंगलात गेले, मृत माकडांपासून त्यांनी विषाणू वेगळा केला आणि तो पीतज्वराचा नसून रशियातील गोचिडीवाटे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या गोत्रातला आहे, असे दाखवून दिले. माणसाला तो मुख्यतः रानातल्या गोचिडीच्या चाव्यातून लागतो. गोचिडीची लहान अवस्था हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात विपुल असते, आणि आपला काजूचा मोसमही नेमका त्याच महिन्यांत येतो.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात लंडन येथे फ्रान्सिस क्रिक यांनी एक व्याख्यान दिले. ते पुढल्या वर्षी छापून आले. डी.एन.ए.मधील माहिती आर.एन.ए.मध्ये उतरते, आर.एन.ए.वरून प्रथिन तयार होते आणि प्रथिनात गेलेली माहिती मागे परतत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. उपमा द्यायची तर डी.एन.ए. ही मठात जपून ठेवलेली मूळ पोथी. ती बाहेर जात नाही. हव्या त्या प्रकरणाची नक्कल करून बाहेर पाठवतात. ती नक्कल म्हणजे आर.एन.ए. त्या नकलेवरून जी वस्तू घडते ती प्रथिन. आपले स्नायू, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन, रोगजंतूंना पकडणारी प्रतिपिंडे ही सर्व प्रथिनेच होत. क्रिक यांचे मूळ विधान सावधपणे केलेले होते. पाठ्यपुस्तकांत उतरताना मात्र त्याचे एक सोपे सूत्र झाले आणि त्या सूत्रात आर.एन.ए.ला मधल्या निरोप्याचे स्थान मिळाले.

या दोन घटनांचा त्या वेळी परस्परांशी काहीही संबंध नव्हता. अर्ध्या शतकानंतर तो जुळला. कसा, ते पुढे येईल.

निरोप्या आणि अडगळ

१९६१ साली संदेशवाहक आर.एन.ए.चा शोध लागला. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जनुकांच्या नियमनाची पहिली सुसंगत उपपत्ती मांडली. जिवाणूपाशी दुधातील साखर पचवण्याची जनुके असतात. साखर नसताना ती बंद राहतात, साखर येताच उघडतात. ती बंद ठेवणारा कोणी 'दमनकर्ता' असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. तो दमनकर्ता बहुधा आर.एन.ए.चा असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो प्रत्यक्ष वेगळा केला, आणि तो प्रथिन निघाला. त्या एका जिवाणूच्या बाबतीत तर्क चुकला; पण आर.एन.ए. जनुकांवर अधिकार चालवू शकेल ही कल्पनाच त्यासोबत मागे पडली. १९६९ साली रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी उच्च सजीवांच्या संदर्भात ती पुन्हा मांडली. तिची चर्चा झाली, पण तिच्यामागे पुरावा उभा राहिला नाही.

दरम्यान एक अडचण वाढत चालली होती. प्रथिने घडवायला लागते त्याहून पेशीतील डी.एन.ए. कितीतरी अधिक होते. १९७२ साली सुसुमू ओहनो यांनी या उरलेल्या भागाला 'अडगळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला, आणि तो रूढ झाला. ओहनो यांच्या युक्तिवादात तथ्य होते, हे नमूद केले पाहिजे. एवढा सारा मजकूर जर अत्यावश्यक असता, तर प्रत्येक पिढीत होणाऱ्या लेखनदोषांच्या भाराखाली प्राणिजात टिकलीच नसती, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु नाव एकदा पडले की ते विचाराची दिशा ठरवते. ज्याला अडगळ म्हटले, तेथे शोध घ्यायला फारसे कोणी जाईना.

मानवी जनुकसंचाचा आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला आणि २००३ साली तो प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या या मजकुरात प्रथिनांची जनुके केवळ वीस हजारांच्या आसपास निघाली. प्रथिनांचा संकेत वाहणारी अक्षरे एकूण मजकुराच्या दोन टक्क्यांहूनही कमी होती. उरलेल्या भागाच्याही नकला पेशी मोठ्या प्रमाणावर काढते, हे पाठोपाठ ध्यानात आले. या नकलांवरून प्रथिन होत नाही. त्यांनाच 'असंकेती आर.एन.ए.' म्हणतात.

श्रुत आणि श्रोता

ज्यातून वस्तू घडत नाही, त्याने कार्य होते हे मानायला विज्ञानाला वेळ लागला. आपल्या व्याकरणपरंपरेला मात्र अशा गोष्टीची ओळख सुमारे अडीच हजार वर्षांपासून आहे. आपण सारे येथे 'श्रोते' आहात आणि मी जे बोलतो ते 'श्रुत' होत आहे. दोन्ही शब्द 'श्रु' या एकाच धातूपासून झाले. एकात धातूचा उकार तसाच राहिला, दुसऱ्यात त्याचा ओकार झाला. हा फरक कोणी केला? पाणिनीच्या पद्धतीत 'श्रुत' मधील प्रत्यय 'क्त' असा आहे आणि 'श्रोता' मधील प्रत्यय 'तृच्' असा. 'क्त' मधला 'क्' शब्द तयार होताना लोप पावतो. 'श्रुत' या शब्दात तो कोठेही ऐकू येत नाही. पण धातूच्या स्वराला गुण होऊ द्यायचा नाही, ही आज्ञा त्याच 'क्'ने दिलेली असते. 'नीत' आणि 'नेता', 'कृत' आणि 'कर्ता' यांतही हाच प्रकार आहे. अशा अक्षरांना अनुबंध म्हणतात. केवळ उच्चारलेल्या शब्दांचीच मोजदाद करणाऱ्याला अनुबंध दिसणार नाहीत, आणि ते दिसल्याखेरीज शब्द असे का घडले, हे त्याला कळणार नाही.

दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. अनुबंध पाणिनीने हेतुपूर्वक योजले. पेशीत कोणी वैयाकरण बसलेला नाही. तेथली व्यवस्था उत्क्रांतीच्या ओघात घडली आणि तिच्यात अपवादांची, पुनरुक्तीची आणि खऱ्याखुऱ्या अडगळीचीही भर आहे.

एका कृमीची साक्ष

पुरावा आला तो मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीकडून. या कृमीत एक जनुक बिघडले की वाढीचे टप्पे चुकतात, हे माहीत होते. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांचे सहकारी त्या जनुकाचे प्रथिन शोधत गेले. पण प्रथिन नव्हतेच. होता तो फक्त २२ अक्षरांचा आर.एन.ए.चा तुकडा. गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका जनुकाचा अभ्यास चालू होता. दोघांनी आपापली अक्षरमाला पडताळून पाहिली, तेव्हा पहिल्या जनुकाचा इवला तुकडा दुसऱ्याच्या संदेशाच्या शेपटाशी जुळतो, असे दिसले. तो तेथे जाऊन चिकटतो आणि संदेशापासून प्रथिन होऊ देत नाही. डिसेंबर १९९३ मध्ये दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

हे एका कृमीपुरते वैचित्र्य असावे, असे पुढील सात वर्षे बहुतेकांनी मानले. २००० साली रव्हकुन यांच्या गटाला असा दुसरा सूक्ष्म आर.एन.ए. सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ अक्षरशः तसाच आहे, हे आढळले. मग मात्र शोधांची रीघ लागली. माणसात आज असे शेकडो सूक्ष्म आर.एन.ए. ज्ञात आहेत. अँब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ साली, म्हणजे मूळ शोधानंतर ३१ वर्षांनी, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशातही या वाटेवर काम झाले, याचा उल्लेख आवश्यक आहे. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाषचंद्र लाखोटिया यांनी फळमाशीतील एका अशाच, प्रथिन न घडवणाऱ्या जनुकाचा कित्येक दशके पाठपुरावा केला. हा विषय जेव्हा मुख्य प्रवाहात नव्हता, तेव्हापासून ते काम चालू होते.

प्रतिकाराचे नियमन

आता रोगप्रतिकाराकडे वळू. शरीराच्या सर्व पेशींत मूळ पोथी जवळजवळ एकच असते. कोणते पान केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, यावर पेशीचे काम ठरते. हा निर्णय प्रतिकार यंत्रणेत सर्वांत नाजूक असतो. प्रतिकार उशिरा किंवा अपुरा झाला तर जंतू बळावतो. अति झाला किंवा वेळेत थांबला नाही, तर शरीर स्वतःलाच जाळते. अनेक रोगांत मृत्यू येतो तो जंतूने केलेल्या नाशाइतकाच या अनावर प्रतिकाराने.

सूक्ष्म आर.एन.ए. रक्तपेशींची घडण वळवतात, हे २००४ साली डेव्हिड बार्टेल आणि हार्वे लोडिश यांच्या गटांनी उंदरांत दाखवले. २००६ साली डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतून आणखी एक महत्त्वाचा निबंध आला. जिवाणूची चाहूल लागली की भक्षक पेशीत धोक्याची सूचना आत जाते आणि दाहकारक प्रथिनांची जनुके उघडतात. त्याच सूचनेने '१४६ए' या क्रमांकाचा एक सूक्ष्म आर.एन.ए.ही तयार होऊ लागतो, आणि तो सूचना पुढे नेणाऱ्या प्रथिनांचेच संदेश अडवतो. आपल्या गोव्यातील खाजन शेतीत नदीच्या बांधाला 'मानस' असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्या पाण्याच्याच दाबाने मानशीचे दार मिटते. येथे व्यवस्था तशीच आहे. जो लोंढा येतो, तोच आपल्याला आवर घालणारे दार लोटतो. हा सूक्ष्म आर.एन.ए. नसलेल्या उंदरांचे पुढे काय होते, ते २०११ साली दिसले. त्यांची प्रतिकार यंत्रणा अतिरेकी प्रतिसाद देऊ लागली आणि कालांतराने स्वतःच्याच शरीरावर उलटली.

दुसरी कथा कोंबड्यांपासून सुरू होते. एका विषाणूमुळे कोंबड्यांना प्रतिकारपेशींचा कर्करोग होतो. तो विषाणू वारंवार एका ठरावीक जागी जाऊन बसतो, असे १९८९ च्या सुमारास लक्षात आले. १९९७ साली तेथले जनुक सापडले, पण त्यातून प्रथिन घडण्याजोगा सलग मजकूर मिळेना. हे जनुक आपल्या आर.एन.ए.च्या द्वारेच कार्य करीत असावे, असे संशोधकांनी तेव्हाच लिहून ठेवले. पुढे त्याच नकलेतून '१५५' क्रमांकाचा सूक्ष्म आर.एन.ए. निघतो, हे सिद्ध झाले. २००७ साली केंब्रिज आणि हार्वर्ड येथील दोन गटांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते वरवर निरोगी दिसत. पण त्यांच्या प्रतिकारपेशी नीट कामाला लागत नव्हत्या. त्यांना दुर्बल केलेल्या साल्मोनेला जिवाणूची लस दिली आणि नंतर खरा जिवाणू दिला, तेव्हा लस त्यांचे रक्षण करू शकली नाही. लस उत्तम होती, प्रथिनांची जनुके शाबूत होती. नव्हती ती जेमतेम बावीस-तेवीस अक्षरे.

केवळ लहान तुकड्यांचीच ही कथा नाही. हजारो अक्षरांचे लांब असंकेती आर.एन.ए.ही या कामात आहेत. सुसान कार्पेंटर आणि केट फिट्झजेराल्ड यांनी २०१३ साली अशा एका लांब आर.एन.ए.चे वर्णन केले, जो भक्षक पेशीत काही जनुके उघडतो आणि काही दाबून ठेवतो. स्त्रीच्या पेशीतील दोन 'क्ष' गुणसूत्रांपैकी एकाला मौन धारण करायला लावणारा लांब आर.एन.ए. १९९१ पासून ज्ञात आहे. त्याभोवती गोळा होणारी प्रथिने स्वतःवर उलटणाऱ्या प्रतिकाराला चालना देऊ शकतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. असे विकार स्त्रियांत अधिक का आढळतात, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्यात आहे.

शत्रूच्या हातातील तेच शस्त्र

आता १९५७ च्या त्या दोन घटना कोठे जुळतात ते पाहू. माकडतापाच्या विषाणूत डी.एन.ए. नसतोच. त्याची संपूर्ण पोथी सुमारे अकरा हजार अक्षरांच्या एका आर.एन.ए.ची आहे. डेंग्यू, झिका, पश्चिम नाईलचा ताप यांचे विषाणू त्याचेच भाऊबंद. या पोथीच्या अखेरीस काही शे अक्षरे अशी असतात, ज्यांपासून कोणतेही प्रथिन होत नाही.

आपल्या पेशीत नकोशा आर.एन.ए.ला एका टोकाकडून कुरतडत जाणारे एक विकर असते. ते या कुळातील विषाणूंचा आर.एन.ए. कुरतडत शेवटाकडे येते आणि तेथल्या घट्ट गाठीपाशी अडते. पुढचा तुकडा शिल्लक राहतो. २००८ साली पश्चिम नाईलच्या विषाणूवरील संशोधनातून हे उलगडले. पेशीने केलेल्या नाशातूनच विषाणू आपले हत्यार मिळवतो. डेंग्यूच्या एका वाणात हा उरलेला तुकडा, विषाणूची वर्दी देणाऱ्या आपल्या एका प्रथिनाला बांधून टाकतो आणि इंटरफेरॉनची हाक क्षीण करतो, हे २०१५ साली दाखवले गेले. गोचिडीवाटे पसरणाऱ्या विषाणूंतही असे तुकडे आढळले असून, गोचिडीच्या पेशींतील आर.एन.ए.वर आधारलेल्या संरक्षणाला ते अडथळा करतात, असे २०१४ च्या प्रयोगांत दिसले. विषाणूच्या पोथीत जागा अत्यंत तोकडी. तरीही प्रथिन न घडवणारी ही अक्षरे त्याने सोडली नाहीत.

अतिरेकापासून सावध

इतिहासकाराने दोन्ही बाजू मांडाव्यात. २०१२ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने मानवी जनुकसंचाच्या ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक कार्य आहे, असे जाहीर केले आणि अडगळीची कल्पनाच मोडीत निघाल्याची वार्ता सर्वत्र पसरली. त्यावर तीव्र आक्षेप आले. नक्कल निघते म्हणजे ती उपयोगाची असतेच असे नाही. आपल्या स्वयंपाकघरातील कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे. त्यातले प्रत्येक अक्षर आवश्यक मानले, तर कांद्याला आपल्या पाचपट ज्ञान लागते असे म्हणावे लागेल! तेव्हा सारेच निरर्थक म्हणणे जसे घाईचे होते, तसे सारेच सार्थ म्हणणेही घाईचेच. प्रत्येक तुकड्याचे कार्य स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करण्याची रीतही ठरलेली आहे. तो तुकडा काढून टाकावा, काय बिघडते ते पाहावे, परत घालावा, आणि बिघाड दुरुस्त होतो का, ते पाहावे.

औषधोपचारांच्या बाबतीतही संयम हवा. आर.एन.ए.च्या लहान तुकड्यांनी एखादा संदेश गप्प करणारे पहिले औषध २०१८ साली मान्य झाले. पण एक सूक्ष्म आर.एन.ए. एकाच वेळी अनेक संदेशांना हात घालतो, आणि बहुधा प्रत्येकाला थोड्याच प्रमाणात. म्हणून त्याला औषध करणे कठीण जाते. माकडतापावर आजही खास असे औषध नाही. रुग्णाची शुश्रूषा करून त्याला तगवावे लागते. निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनवलेली जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षे वापरली गेली. वारंवार मात्रा देऊनही तिचे संरक्षण अपुरे पडते, असे दिसून आले आणि अलीकडे तिचा वापर थांबला. रानात जाताना अंग झाकणे, गोचिडी दूर ठेवणारे मलम लावणे, घरी आल्यावर अंग न्याहाळून स्नान करणे आणि मेलेले माकड दिसताच आरोग्यकेंद्राला कळवणे, हेच आजचे खरे रक्षण होय.

तरीही या इतिहासाचा सत्तरीशी संबंध आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. लस कोणाला लागू पडते आणि कोणाला नाही, ताप कोणात आवरतो आणि कोणात अनावर होतो, हे समजायचे तर केवळ प्रथिनांची यादी पुरणार नाही. नियमन करणारी ही मूक अक्षरे वाचावी लागतील. आणि ती वाचणारा माणूस कोठून यावा? १९५७ साली पुण्याचे संशोधक क्यासनूरला गेले, पण माकडे मरत आहेत ही पहिली खबर तेथल्या रानातल्या माणसांनीच दिली होती. पालीच्या रानाची माहिती येथल्या मुलांना जितकी आहे, तितकी कोणत्याही प्रयोगशाळेला नाही. त्या मुलांना जनुक, प्रथिन, विषाणू, असंकेती हे शब्द त्यांच्या भाषेत भेटले, तर पुढे प्रयोगशाळेत गेल्यावर ती रानाला विसरणार नाहीत, अशी आशा बाळगता येते.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी याच शाळेत मुलांना अक्षरे शिकवली. ओळ कळली नाही तर ती ओलांडून पुढे जाऊ नये, पुन्हा वाचावी, हा चांगल्या शिक्षकाचा पहिला पाठ असतो. आज सांगितलेल्या इतिहासातील माणसांनी वेगळे काही केले नाही.